हॅडिंग्टनचं सेंट मेरीज: चारशे वर्षं अर्धंच वापरात असलेलं चर्च

टाइनकाठची

स्कॉटलंडात फिरायला येणारी आपली मंडळी एडिंबराचा किल्ला, लॉख नेस आणि हायलँड्सची बस टूर एवढं करून परत जातात, एडिंबराच्या पूर्वेला तासाभराच्या आत पोचता येणाऱ्या हॅडिंग्टनकडे कुणी वळत नाही, म्हणून हा धागा. गाव छोटंसं, टाइन नदीच्या काठी (न्यूकॅसलची टाइन वेगळी, ही ईस्ट लोथियनमधली छोटी नदी), आणि त्या गावाच्या मानाने अवाढव्य असं सेंट मेरीज चर्च नदीला लागून उभं आहे. पूर्व-पश्चिम लांबी २०६ फूट, म्हणजे जवळजवळ ६३ मीटर. कॅथेड्रल नव्हे हं, साधं पॅरिश चर्च, गावकऱ्यांचं. स्कॉटलंडातल्या पॅरिश चर्चांमधे लांबीला याच्या तोडीचं सापडणं मुश्कील.

सध्याची इमारत १३८० च्या सुमाराला सुरू झाली आणि पुढची शंभरेक वर्षं काम चालू होतं. त्याच्या आधीही इथे सेंट मेरीचं चर्च होतंच, बाराव्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाने ते सेंट अँड्र्यूजच्या मठाला देऊन टाकल्याची नोंद आहे. मग १३५६ मधे इंग्लंडचा तिसरा एडवर्ड या भागात जाळपोळ करत फिरला, हॅडिंग्टनही जाळलं. ते सगळं निस्तरून गावाने हे नवीन बांधायला घेतलं ते एवढं मोठं. आखणी क्रूसाच्या आकाराची: पश्चिमेला नेव्ह म्हणजे लोकांनी बसायचा लांब भाग, पूर्वेला क्वायर म्हणजे पाद्र्यांचा भाग आणि वेदी, दोन्हीकडे हातासारखे ट्रान्सेप्ट आणि मधोमध चौकोनी मनोरा. मनोऱ्याच्या प्रत्येक बाजूला तीन-तीन उंच निमुळत्या खिडक्या आहेत, त्यामुळे एवढा जाड मनोरा असून तो जड वाटत नाही. त्याच्यावर एकेकाळी एडिंबराच्या सेंट जाइल्ससारखा दगडी मुकुट होता किंवा निदान बांधायचा बेत होता असं मानतात. आता वरून सपाट आहे.

पुढे १५४८. आदल्या वर्षी पिंकीच्या लढाईत स्कॉट लोकांचा दणदणीत पराभव झाला होता, इंग्रजांनी हॅडिंग्टन घेतलं आणि भोवती मातीचे बुरूज, खंदक करून ठाण मांडलं. स्कॉट आणि त्यांच्या मदतीला आलेले फ्रेंच बाहेर, इंग्रज आत, आणि चर्च तटाच्या जवळ. वेढा १५४९ च्या सप्टेंबरपर्यंत चालला, तोफा होत्या, त्यात प्लेगही आला. वेढा उठला तेव्हा छप्पर गेलेलं, दगडी व्हॉल्ट म्हणजे कमानदार छत कोसळलेले, घंटा इंग्रजांनी नेलेल्या.

आणि मग गावाने जे केलं त्यासाठी मला हे चर्च इतकं आवडतं. १५६० मधे स्कॉटलंड प्रॉटेस्टंट झालं आणि लगेच पुढच्या वर्षी ठरलं की मनोऱ्यापासून पश्चिमेकडचा भाग, म्हणजे फक्त नेव्ह, दुरुस्त करायचा. मधे भिंत घातली. भिंतीच्या पश्चिमेला दर रविवारी लग्नं, बाप्तिस्मे, प्रवचनं, आणि पूर्वेला क्वायर आणि दोन्ही ट्रान्सेप्ट उघड्यावर, गवत, थडगी, कावळे. १९७१ ते ७३ मधे ती भिंत काढली, पूर्वेकडच्या भागावर परत छप्पर घातलं आणि चर्च पुन्हा एक झालं. क्वायरवर जो व्हॉल्ट दिसतो तो खालून अगदी दगडी वाटतो, पण तो फायबरग्लासचा आहे.

नेव्हमधून क्वायरकडे चालत गेलं की खांबाच्या दगडाचा फरक डोळ्यांना कळतो. नेव्हमधला दगड गुळगुळीत, कडा शाबूत. मनोऱ्याच्या पलीकडे आतल्याच भिंती पण पाऊस-वारा खाऊन झिजलेल्या, घराच्या बाहेरच्या भिंतीसारख्या. आत उभं राहून बाहेरची झीज बघायला मिळते अशी जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

ज्यांना इमारतींच्या इतिहासात रस आहे त्यांनी भर घाला, प्रश्नही विचारा.

वास्तुवेल्हाळ

मस्त धागा! एक विचारू? अर्धंच का दुरुस्त केलं? मला वाटायचं की प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या लोकांनी मोडतोड केली म्हणून स्कॉटलंडात इतकी चर्चं पडकी आहेत.

टाइनकाठची

मोडतोड झालीच, मूर्ती, वेद्या, काचा पुष्कळ फुटल्या. नॉक्स तर याच गावचा, नदीच्या पलीकडच्या गिफर्डगेटमधे जन्मला असं मानतात, नंगेट पूल ओलांडला की तिथे. पण हॅडिंग्टनमधे छप्पर उडालं ते युद्धात, रिफॉर्मेशनच्या, म्हणजे देश प्रॉटेस्टंट झाला त्याच्या, दहा-बारा वर्षं आधी. लोक या दोन्ही गोष्टी एकत्र करतात.

अर्धंच का, तर एक म्हणजे पैसे नव्हते. वेढा, प्लेग, जळलेली घरं, गाव कंगाल झालं होतं. आणि दुसरं म्हणजे आता त्यांना अर्ध्याचीच गरज होती. आधी क्वायरमधे पाद्री मंडळी दिवसभर प्रार्थना म्हणायची, बाजूला वेगवेगळ्या संतांच्या वेद्या, प्रत्येक वेदीला कुणीतरी देणगीदार, व्यापाऱ्यांची वेगळी, कारागिरांची वेगळी. नवीन धर्मात हे सगळं बाद. आता काय हवं तर एक खोली, जिथे प्रवचन सगळ्यांना नीट ऐकू येईल. त्याला नेव्ह भरपूर झाला.

असं अनेक ठिकाणी झालंय. सेंट जाइल्समधे भिंती घालून एकाच छपराखाली वेगवेगळ्या मंडळ्या बसायच्या, १८७२ ते ८३ मधे त्या भिंती काढल्या. स्टर्लिंगच्या होली रूडमधे तर १६५६ मधे दोन पाद्र्यांचं पटेना म्हणून मधे भिंत घातली आणि ती विसाव्या शतकापर्यंत राहिली! मेलरोज अ‍ॅबी (जुना मठ) बघायला बरेच जण जातात, तिथल्या नेव्हच्या काही भागावर एकदम साधा, जाडजूड बोगद्यासारखा व्हॉल्ट आहे, नाजूक गॉथिक नक्षीच्या मधोमध. लोक म्हणतात हे काय कुरूप घातलंय. ते १६१८ मधे घातलेलं पॅरिश चर्च आहे, १८१० पर्यंत गावकरी तिथे जात होते. तो व्हॉल्ट मला कुरूप वाटत नाही, गावाला जेवढं परवडलं तेवढं त्यांनी मनापासून बांधलं.

चुनाघाणी

मी सातारा-वाई भागात जुन्या वाड्यांची, घाटांची दुरुस्तीची कामं करतो, चर्च कधी केलं नाही पण फायबरग्लास वाचून कान टवकारले. हे नुसतं स्वस्तात उरकलं म्हणून केलेलं नसणार. दगडी व्हॉल्ट म्हणजे नुसतं वजन नाही, तो बाजूला ढकलतो. कमानीचं काम ज्याने केलंय त्याला माहितीय, कमान कधी स्वस्थ बसत नाही, खांद्याला सतत बाहेर रेटत असते. म्हणून गॉथिक चर्चला बाहेरून बट्रेस असतात, ते रेटा घेऊन जमिनीत उतरवतात. आता ज्या भिंतीने चारशे वर्षं पाणी पिलंय, जिच्या गाभ्यातला चुना धुऊन गेलाय, जी वरून उघडी असल्यामुळे भिंतीच्या माथ्यातून पाणी आत मुरलंय, तिच्यावर परत टनावारी दगड टाकून तिला रेटायला लावणं म्हणजे धोका. भिंत दोन बाजूंनी घडीव दगड आणि मधे भर अशी असते, भर पोकळ झाली की दोन्ही कातडी वेगळी होतात, पोट येतं. फायबरग्लासचे पॅनल वरच्या छपराच्या सांगाड्याला टांगता येतात, भिंतीवर रेटा जवळपास नाहीच. इंजिनिअर म्हणून मला हे पटतं.

नेव्हमधला व्हॉल्ट तरी मूळचा आहे का?

टाइनकाठची

@चुनाघाणी, खूप छान समजावलंत! नेव्हमधला पण मूळचा नाही. १८११ च्या सुमाराला आर्किबाल्ड एलियट नावाच्या आर्किटेक्टने नेव्ह बराच बदलला, बाजूच्या आयलच्या, म्हणजे नेव्हच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या, भिंती उंच केल्या आणि वर प्लास्टरचे व्हॉल्ट केले. म्हणजे गंमत बघा, लोक क्वायरमधल्या फायबरग्लासला खोटं म्हणतात, पण नेव्हमधे ज्याला ते जुनं आणि खरं समजून मान वर करून बघतात ते प्लास्टर आहे. त्या काळात आत गॅलऱ्याही होत्या, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी त्या काढून टाकल्या तेव्हा खांब परत पूर्ण उंचीचे दिसायला लागले.

अवशेषप्रिय

मी या बाबतीत वेगळ्या मताचा आहे आणि जरा सविस्तर लिहितो. पडक्या क्वायरला स्वतःचा इतिहास होता. चारशे वर्षं हा काही मधला अपघात नाही, छपराखाली ते जितकी वर्षं होतं त्यापेक्षा दुपटीहून जास्त काळ ते उघड्यावर होतं. १५४८ ची खूण म्हणून ते तसंच ठेवायला हवं होतं, भिंतींचे माथे नीट बंद करून, गवत काढून, बस. आणि छप्पर घालायचंच तर मग आजच्या काळाचं घाला ना. फायबरग्लासला दगडाचं सोंग कशाला? लिनलिथगोचं सेंट मायकेल्स बघा. तिथल्या मनोऱ्यावरचा दगडी मुकुट वजनामुळे धोकादायक झाला म्हणून १८२० च्या आसपास उतरवला, आणि १९६४ मधे त्याजागी जेफ्री क्लार्कचा अ‍ॅल्युमिनियमचा मुकुट बसवला, लाकडी सांगाड्यावर धातू, काट्यांसारखा वर निमुळता होत जाणारा. कितीतरी लोकांना तो आवडत नाही, मला प्रचंड आवडतो, कारण तो कुणाला फसवत नाही. रेल्वेतून जाताना दिसला की कळतं, हा विसाव्या शतकाने दिलेला आहे.

निंबोणी

@अवशेषप्रिय लिनलिथगोबद्दल शंभर टक्के सहमत. पण मुकुट बाहेरून दिसायची वस्तू आहे, व्हॉल्टच्या खाली लोक बसतात. तिथे एकदम नवीन काहीतरी घातलं असतं तर लोकांना नेव्ह आणि क्वायर एकच चर्च वाटलं असतं का? १९७० च्या दशकात त्यांना तेच तर हवं होतं ना, दोन तुकडे एक करणं.

टाइनकाठची

@अवशेषप्रिय, तुमचा मुद्दा मी मनापासून समजू शकते, आणि अवशेष म्हणून जपलेल्या जागा मलाही आवडतात. पण हे सरकारी स्मारक नाही, चालतं पॅरिश चर्च आहे. मेलरोज, जेडबरा या अ‍ॅबी होत्या, त्यांचे साधू गेले, तिथे परत कोण येणार होतं? इथे मंडळी कायम होती, भिंतीच्या एका बाजूला दाटीवाटीने बसून, आणि आपल्याच चर्चचा अर्धा भाग पलीकडे पावसात. तो अर्धा परत घ्यावा असं त्यांना वाटलं तर त्यात इतिहास पुसणं कुठे आलं? झिजलेला दगड तसाच ठेवलाय, त्याला घासून नवा केलेला नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चारशे वर्षांचा पाऊस तिथेच आहे, बघणाऱ्याला वाचता येतो.

क्वायरमधे जेन वेल्श कार्लाइलचं थडगं आहे. लेखक थॉमस कार्लाइलची बायको, जन्म हॅडिंग्टनचा, १८०१. तिची पत्रं इंग्रजीतल्या सगळ्यात जिवंत पत्रांपैकी मानतात. १८६६ मधे लंडनमधे अचानक गेली आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिला इथे आणून वडिलांच्या थडग्यात पुरलं, तेव्हा हा भाग बिनछपराचा होता. तिच्या नवऱ्याने दगडावर जो मजकूर कोरून घेतला त्यात आपल्या आयुष्यातला उजेड गेल्यासारखं झालंय असं लिहिलंय. शंभरेक वर्षं ती अक्षरं आभाळाखाली होती, आता आत आहेत. ती अक्षरं अजून वाचता येतात, आणि छप्पर नसतं तर अजून किती दिवस वाचता आली असती हा विचार करून बघा.

चुनाघाणी

दगड कुठला आहे? वालुकाश्म असेल तर उघडा ठेवून जपणं बोलायला सोपं आहे, करायला अवघड. आपला बेसाल्ट वर्षानुवर्षं पाऊस झेलतो, वालुकाश्म पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो.

टाइनकाठची

वालुकाश्मच, तांबूस-करडा, ऊन पडलं की गुलाबीकडे झुकणारा. आणि तुम्ही म्हणता तसं पापुद्रे सुटलेले दिसतात.

चुनाघाणी

मग एक अजून सांगतो, स्कॉटलंडात विसाव्या शतकात जुन्या चर्चांच्या दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्या, ते नुकसान युद्धापेक्षा कमी नाही. चुन्याने दरजा भरलेली भिंत श्वास घेते, पाणी आत गेलं तरी सांध्यातून बाहेर पडतं, झिजायचं ते चुना झिजतो आणि वीस-तीस-पन्नास वर्षांनी तो परत भरायचा, दगड वाचतो. सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी सांध्यातून निघत नाही, मग ते दगडाच्या तोंडातून निघतं, थंडीत आतच गोठतं आणि दगडाचा चेहरा सोलून निघतो. शेवटी सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि दगड मागे खाल्लेला असं उलटं चित्र. आपल्याकडे घाटांवर, देवळांवर हेच चाललंय, मी कामाला गेलो की आधी छिन्नीने सिमेंट काढायला लावतो, गावकरी विचारतात चांगलं घट्ट होतं ते का काढता. तिकडे आता चुन्याकडे परत वळलेत, चुन्याचं काम शिकवतात, हे ऐकून बरं वाटतं.

वास्तुवेल्हाळ

हे सगळं वाचून एक प्रश्न. नुसतं ऐकू यायला हवं हाच उद्देश होता तर मग नवीन बांधलेली चर्चं वेगळ्या आकाराची झाली का?

निंबोणी

हो! आणि यासाठी तुम्ही बर्नटायलंडला या, मी फाइफमधेच राहते. एडिंबराच्या समोर, खाडीच्या पलीकडे. १५९२ चं चर्च, रिफॉर्मेशननंतर स्कॉटलंडात अगदी नव्याने बांधलेल्या आणि अजून वापरात असलेल्या जुन्यातल्या जुन्या चर्चांपैकी एक. लांब नाहीच, चक्क चौरस! मधे चार दणकट खांब, त्यांच्यावर मनोरा, आणि माणसं चारही बाजूंनी मधल्या व्यासपीठाकडे तोंड करून बसतात. वेदी कुठे आहे, पूर्व कुठे आहे याने काही फरक पडत नाही, बोलणारा मधे आणि ऐकणारे भोवती. आत जुन्या इमारतीतला काहीच सांगाडा नाही, नवीन विचार थेट दगडात उतरवलाय.

वर सगळीकडून लाकडी गॅलऱ्या, तिथे त्यांना लॉफ्ट म्हणतात. प्रत्येक धंद्याचा आपला लॉफ्ट, शिंप्यांचा, बेकरांचा, आणि कठड्यावर त्यांची चिन्हं रंगवलेली. खलाशांच्या लॉफ्टवर जहाजांची चित्रं आहेत आणि त्यांना बाहेरून स्वतंत्र दगडी जिना आहे, कारण भरती आली की प्रवचन अर्धवट टाकून निघायला लागायचं, तर बाकीच्यांना त्रास नको. मी त्या जिन्यावर हात ठेवून उभी होते, पायऱ्या मधे खोलगट झाल्यात.

१६०१ मधे चर्च ऑफ स्कॉटलंडची महासभा याच चर्चमधे भरली, सहावा जेम्स राजा स्वतः हजर होता आणि बायबलच्या नवीन भाषांतराची गोष्ट तिथे निघाली. पुढे १६११ मधे लंडनहून जे किंग जेम्स बायबल निघालं त्याचा धागा इथे जोडतात.

बहुतेक गावांना चौरस वगैरे परवडत नसे. त्यांनी काय केलं, जुनं लांबट चर्च घेतलं, व्यासपीठ पूर्व टोकाकडून काढून लांब भिंतीच्या मधोमध आणलं, आणि समोरच्या भिंतीला एक हात जोडला. झालं टी आकाराचं चर्च. स्कॉटलंडभर खेड्यापाड्यात हा टी दिसतो. त्या जोडलेल्या हातात बहुतेक वेळा गावच्या जमीनदाराचा लॉफ्ट वर आणि त्याच्या घराण्याची थडगी खाली.

चर्नीरोडकर

हॅडिंग्टन वाचता वाचता मला एक नाव आठवलं, लॉडरडेल. हॅडिंग्टनच्या चर्चला लॉडरडेल आयल आहे ना? त्यातून सरळ गिरगावपर्यंत रस्ता येतो, ऐका.

लॉडरडेलचा ड्यूक, जॉन मेटलंड, दुसऱ्या चार्ल्सच्या काळात स्कॉटलंडचा सर्वेसर्वा. त्याचं घर थर्लस्टेन कॅसल, लॉडर गावाजवळ, एडिंबराच्या दक्षिणेला. १६७० च्या दशकात त्याने वास्तुकार सर विल्यम ब्रूसकडून तो वाडा नवा करून घेतला आणि वाड्याजवळचं जुनं चर्च मधे येतं म्हणून ते हलवलं. १६७३ मधे गावात नवीन चर्च उभं राहिलं, ब्रूसचंच. चार हात सारख्या लांबीचे, ग्रीक क्रूस, मधे मनोरा आणि वर अष्टकोनी घंटाघर. निंबोणींनी बर्नटायलंडचं सांगितलं तोच विचार, मधे बोलणारा आणि चारी हातांत ऐकणारे, फक्त आकार वेगळा.

या लॉडरमधे १८०४ मधे जॉन विल्सन जन्मला. आपल्या विल्सन कॉलेजचा विल्सन! १८२९ मधे तो मुंबईत आला, मराठी शिकला, बायको मार्गारेटने मुलींच्या शाळा काढल्या, १८३२ मधे त्याने काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झालं, मुंबई विद्यापीठाचा तो कुलगुरूही होता, आणि १८७५ मधे मुंबईतच वारला. त्याच्या धर्मांतराच्या कामाबद्दल आपल्याकडे तेव्हा मोठे वाद झाले, जाहीर वादविवाद झाले, ते विसरायचं कारण नाही, पण लहानपणी ज्या चर्चच्या गावात तो वाढला ते अजून तसंच उभं आहे हे वाचून मला फार बरं वाटलं.

आणि फोर्टमधलं सेंट अँड्र्यूज चर्च, काळा घोड्याजवळचं, १८१९ चं, ते मुंबईतल्या स्कॉटिश लोकांचं. तिथे पुढे खांबांचा दर्शनी मंडप आणि वर टोकदार मनोरा. शेजारी बर्फाचं कोठार होतं जिथे अमेरिकेतून जहाजाने आणलेला बर्फ ठेवायचे.

टाइनकाठची

@चर्नीरोडकर, वा! ड्यूकचा आणि लॉडरच्या चर्चचा संबंध माहीत होता, पण विल्सन लॉडरचा हे माहीत नव्हतं.

लॉडरडेल आयल म्हणजे क्वायरच्या उत्तरेला चिकटलेली छोटी खोली, मूळची पाद्र्यांचे कपडे-भांडी ठेवायची जागा. मेटलंड घराण्याने ती थडग्यांसाठी घेतली. आत संगमरवर आणि अलाबास्टरचं मोठं स्मारक आहे, त्यावर दोन जोडपी झोपलेली कोरली आहेत: सहाव्या जेम्सचा चॅन्सलर जॉन मेटलंड आणि त्याची बायको, आणि त्यांचा मुलगा आणि सून. चॅन्सलर १५९५ मधे वारला, त्याच्यासाठी राजाने स्वतः कविता लिहिली. ड्यूक या चॅन्सलरचा नातू. तोही इथेच, खालच्या तळघरात. त्याच्याबद्दल गावात गोष्ट सांगतात की पापी होता म्हणून त्याची शवपेटी जागा बदलायची. टाइन नदी इतकी जवळ आहे की पूर आला की पाणी तळघरात शिरायचं, पेटी तरंगायची आणि पाणी ओसरलं की भलतीकडे टेकायची! १७७५ आणि १९४८ मधे हॅडिंग्टनला मोठे पूर येऊन गेलेत. आता ती खोली थ्री किंग्स चॅपेल म्हणून वापरतात, वेगवेगळ्या पंथांचे लोक तिथे प्रार्थनेला येतात. रिफॉर्मेशनमुळे ज्या चर्चच्या मधे भिंत उभी राहिली त्याच्यात हे व्हावं हे मला मोठं वाटतं.

वास्तुवेल्हाळ

पैसे कोण द्यायचं? राजा?

निंबोणी

नाही, हेरिटर्स. म्हणजे पॅरिशमधले जमीनमालक. कायद्याने त्यांच्यावर चर्चची इमारत, पाद्र्याचं घर आणि पगार यांची जबाबदारी होती, गाव शहराच्या दर्जाचं असेल तर गावसभेचाही हिस्सा. १९२५ च्या कायद्याने हे सगळं चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेलं. म्हणूनच इतकी चर्चं साधी आहेत, जमीनदार हात आखडता घ्यायचे, छप्पर गळतंय म्हणून पाद्री पत्रं लिहून लिहून थकायचे. आणि १८४३ मधे चर्चमधे फूट पडली, पाद्री कोण नेमायचा याच वादावरून, साधारण साडेचारशे पाद्री बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. तिथून गावोगाव दुसरं चर्च उभं राहिलं. आपला विल्सनही फ्री चर्चकडे गेला. पुढे १९२९ मधे बरेचसे परत एकत्र आले आणि एकेका गावात दोन-दोन तीन-तीन इमारती शिल्लक राहिल्या. आज माणसं कमी, इमारती जास्त, आणि चर्च ऑफ स्कॉटलंड त्या विकत आहे. आमच्या भागात एका चर्चमधे फ्लॅट झालेत, एकात गोडाऊन. वाईट वाटतं.

अवशेषप्रिय

हे वाचल्यावर मी माझं मत थोडं सौम्य करतो. फायबरग्लासला दगडाचा रंग दिला हे मला अजूनही आवडत नाही, ते आवडणारही नाही. पण क्वायर वापरात आला नसता तर एवढी मोठी इमारत आज सांभाळायला माणसं जमली असती का, हा प्रश्न खरा आहे. विकायला निघालेल्या चर्चांच्या यादीत मोठी आणि अर्धी पडकी इमारत सगळ्यात आधी गेली असती.

टाइनकाठची

@अवशेषप्रिय, धन्यवाद, रंगाबद्दल तुमचं म्हणणं आहे ते असू द्या, मी तिथे भेटलेल्या काही स्थानिकांचंही तेच आहे.

छप्पर आल्यामुळे काय काय आत येऊ शकलं तेही बघा. दक्षिण ट्रान्सेप्टमधे इंग्लिश चित्रकार बर्न-जोन्सच्या डिझाइनची रंगीत काचेची खिडकी बसवली. १९९० मधे नवीन ऑर्गन आला, ईस्ट लोथियनमधल्याच कारागिरांनी केलेला, क्वायरमधे त्याचा आवाज दगडावरून फिरून येतो, मैफिली होतात. १९९९ मधे मनोऱ्यात आठ घंटा टांगल्या, इंग्रजांनी नेल्या त्यानंतर साडेचारशे वर्षांनी. त्या दोराने, ठरावीक क्रमाने फिरवून वाजवायच्या घंटा आहेत, ही पद्धत इंग्लंडची, स्कॉटलंडात अशी चर्चं मोजकीच.

जाणाऱ्यांसाठी: हॅडिंग्टनला रेल्वे नाही, १९४९ मधे प्रवासी गाड्या बंद झाल्या, एडिंबराहून बस आहे. पश्चिमेच्या जोडदरवाज्यासमोर आधी बाहेरच उभे राहा, मधला खांब आणि वरच्या अर्धगोल कमानी निवांत बघा. मग दगडात कोरलेले शिंपले शोधा, यात्रेकरूंची खूण, आणि तोंडातून पानं बाहेर पडणारे हिरव्या माणसाचे चेहरेही आहेत, दुर्बीण असेल तर न्या. रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा फोटो काढत फिरू नका.

चुनाघाणी

दुर्बीण नेणारच. पण मी आधी बाहेरून बट्रेसच्या दरजा बघणार, चुना आहे की सिमेंट.